हरवायची नोकरी

माझी नोकरी हरवायची होती. सकाळी चहा झाला की शेतात जायचं, कुठल्या तरी बांधाआड दडून बसायचं आणि कुत्र्याने येऊन शोधून काढेपर्यंत गप्प राहायचं. गप्प राहणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग होता, माझ्या घरच्यांना विचारा हवं तर. दिवाळी अंकात डॉक्टर, वकील, स्टेशनमास्तर आपापल्या नोकरीच्या हकिगती लिहितात. त्या पंगतीत यंदा माझंही पान मांडलंय, तर वाढते. जेवण फार गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गोष्ट सुरतची. सत्तर साल उजाडायच्या थोडं आधीची आणि थोडी नंतरची. आम्ही अमळनेरकडचे. नवरा कतारगामला एका लूमच्या कारखान्यात कापड विणायचा. खोलीत सासू, आम्ही दोघं आणि सासूचं तोंड. मी नदीकडच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यावर भांडी घासायला म्हणून गेले. खोरशेदबाई त्यांचं नाव. त्यांचा नवरा पलटणीत कुत्री शिकवायचा. तो गेल्यावर बाईंनी त्याचा नाद तेवढा ठेवून घेतला, आणि आसपासच्या बंगलेवाल्यांची पाळीव कुत्री माग काढायला शिकवू लागल्या.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. अंगणातल्या ओल्या मातीवरून मी चालत आले, ते त्या टक लावून बघत बसल्या.

"तुझा पाय सरखा पडते," त्या म्हणाल्या. "भांडी राहू दे. तू चालायचं काम कर."

मला वाटलं, बाईंना माझी नवी जोडवी आवडली. मी पाय आणखी पुढे करून दाखवले. बावीस-तेवीस वर्षांची असेन, आणि आपण दिसायला बऱ्या आहोत ही बातमी जगाला कळलेली आहे अशी माझी खात्री होती. त्यातून नाव सुंदर. बाई मला सुंदरी म्हणायच्या, त्यामुळे डोकं आणखी फिरलेलं.

घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "चालाना पगार देतस का वं? मंग म्हशीले बी लाव त्या कामले."

आता हे काम काय असतं ते सांगते. माझ्या नातवाने घरात कुत्रं आणलंय आणि तोही विचारत असतो, तेव्हा त्याच्यासाठीही लिहिलेलं बरं. लोकांना वाटतं, कुत्र्याच्या नाकाला रुमाल लावला की ते सुटतं थेट चोराच्या घरी. तसं काही नसतं. माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगाचा बारीक कोंडा झडत जातो. आपल्याला तो दिसत नाही. पायाखाली गवत चुरडतं, माती मोडते. या सगळ्याचा मिळून एक वास जमिनीवर पडतो आणि हळूहळू विरत जातो. कुत्र्याला तो येतोच, ते शिकवावं लागत नाही. शिकवायचं एवढंच की बाबा, बाकीचे हजार वास सोड आणि आज हा एकच धर.

सुरुवात दवातल्या गवतावर करायची. सकाळी, वारा पडलेला असताना. कुत्रं उपाशी हवं. माणसाने एका जागी थोडं गवत पायाने तुडवायचं, मग तिथून लहान लहान पावलं टाकत सरळ जायचं, आणि प्रत्येक पावलाच्या खुणेत टाचेजवळ उकडलेल्या मटणाचा छोटासा तुकडा ठेवायचा. शेवटी आपला एखादा कपडा टाकायचा आणि त्याच्याखाली मोठा वाटा. मग कुत्र्याला गळ्याच्या नाही, छातीच्या पट्ट्याला लांब दोरी बांधून आणायचं. ते खाली मुंडी घालून एकेक पाऊल खात पुढे जातं. पुढे पुढे एक पाऊल सोडून तुकडा ठेवायचा, मग दोन सोडून. मग वळण घ्यायचं. मग माग तासभर शिळा होऊ द्यायचा. मग त्यावरून दुसऱ्या कोणाला तरी आडवं चालवायचं. कुत्र्यावर ओरडायचं नाही आणि दोरी ओढायची नाही. बाई म्हणायच्या, दोरीने कुत्र्याला सांगायचं नसतं, दोरीतून कुत्र्याचं ऐकायचं असतं.

बाईंचं स्वतःचं कुत्रं पपेटा. पपेटा म्हणजे त्यांच्या बोलीत बटाटा. रंगाने, आकाराने आणि सुरुवातीला अकलेनेही तो तसाच. पहिले काही दिवस त्याला काही केल्या माग धरता येईना. तुडवलेल्या गवतावर गोल फिरायचा आणि माझ्याकडे आशेने बघत बसायचा.

"सुंदरी, मटन बराबर ठेवते ने?"

"हो बाईसाहेब. प्रत्येक पावलात."

बाई काठी टेकत आल्या, वाकल्या आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.

"मूई, तुझा पगला तोंडामां पडते काय?"

पगला म्हणजे पाऊल. काय करणार? आमच्याकडे मटण सणासुदीला, त्यातही रस्साच जास्त. इथे ते गवतात मांडून ठेवायचं, कुत्र्यासाठी! दर तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप वर यायचा. त्या दिवसापासून बाईंनी माझा वाटा वेगळा काढला, आणि पपेटा आठवड्यात शहाणा झाला. मी व्हायला बराच वेळ लागला. एकदा मोगऱ्याची वेणी माळून हरवायला गेले, तर तो माझ्याऐवजी वाटेत गळलेली फुलं गोळा करत बसला. एकदा एरंडाच्या आड लपले आणि झोप लागली. त्या दिवशी पपेटाने नाकाऐवजी कानाने माझा शोध लावला, असं बाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. माणूस सापडलं की पपेटा त्याच्यासमोर बसायचा, पुढचा एक पाय उचलायचा आणि वाट बघायचा. एवढीच त्याची भाषा होती.

हळूहळू बाईंचे गुडघे गेले, आणि दोरी माझ्या हातात आली.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका जरीवाल्या शेठाणीला तिचं पांढरं झिपरं कुत्रं माग काढायला शिकवायचं होतं. पण गवत ओलं म्हणून ती त्याला खाली ठेवू देईना. आम्ही माग काढला, ती कुत्र्याला कडेवर घेऊन मागोमाग आली. पण सगळीच गिऱ्हाइकं हसण्यासारखी नव्हती. एका हिऱ्याच्या कारखान्याचा मालक एके दिवशी मोटार घेऊन आला. हिऱ्याची पुडी गेली होती. आम्ही पोचलो तर त्याने कारागिरांना ओळीने उभं केलेलं. पुडी ज्या गादीवर होती, तिचा वास पपेटाला दिला. तो गेला आणि एका पोरगेल्या कारागिरासमोर बसला, पाय उचलला. कारण साधं होतं, सकाळी त्यानेच ती गादी झटकली होती. बाई घसा फोडून सांगत होत्या, "कुत्रा चोर नाय दाखवते, कोणाचा हात लागला ते दाखवते!" मालक हसून म्हणाला, "हां हां, एटलुंज जोइतुं'तुं." म्हणजे त्याला एवढंच हवं होतं. त्या मुलाला त्याच दिवशी काढलं. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. त्यानंतर बाईंनी चोरीच्या कामाला येणं बंद केलं. फक्त हरवलेलं माणूस असेल तरच.

आणि मग ते हरवलेलं माणूस आलं.

थंडीचे दिवस होते. उसाची तोडणी जोरात चाललेली. चलथाणकडच्या फडांवर दरवर्षी आमच्या खानदेशातून टोळ्या यायच्या. पाचटाच्या कोप्या घालून राहायच्या. त्या मुक्कामाला पडाव म्हणायचे. नवऱ्याच्या कारखान्यातला एक गडी भल्या सकाळी आमच्या दारात उभा राहिला. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"वहिनी, मनी भाची दवडनी. काल दुपारपाईन नही शे."

बहीण त्याची उसावर होती. तिची सहा-सात वर्षांची पोर, मंगी, आदल्या दुपारपासून नाहीशी झाली होती. रात्रभर टोळीने हाका मारल्या, काही उपयोग झाला नाही. आता कोणी तरी त्याला सांगितलं होतं की सुंदर ज्या बाईंकडे जाते, त्यांच्याकडे माणूस शोधणारं कुत्रं आहे.

मी त्याला बंगल्यावर नेलं. बाईंनी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. त्याला सांगितलं, "तू जा पुढे. पोरीचा कपडा तयार ठेवायला सांग. आम्ही मोटर घेऊन येते."

तो पुढे गेला. मी काय केलं? मी घरी जाऊन साडी बदलली. नायलॉनची, नवी, फुलाफुलांची. पेपरवाले फोटो काढायला येणारच आहेत आणि उद्या पेपरात कुत्र्याशेजारी आपण कशा दिसू, हा विचार त्या बयेच्या डोक्यात होता. पोर हरवलेली आणि ही निघाली नटून. पुढे उसाच्या पानांनी त्या साडीच्या चिंध्या केल्या. चांगलं केलं.

पडावावर पोचलो तर सगळी टोळी कामं टाकून उभी होती. गिरजा, म्हणजे मंगीची आई, कोपीच्या दाराशी होती. काटकुळी बाई, माझ्याच वयाची. तिने दोन्ही हातांवर एक फराक धरली होती, देवाला वस्त्र द्यावं तशी. अशी नीटनेटकी, अशी शुभ्र की मी मनात म्हटलं, वा, उघड्यावर राहूनही किती स्वच्छता! फराक घेतली, पपेटाच्या नाकाला लावली आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "शोध."

पपेटाने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं. मग खाली मुंडी घालून कोपीभोवती फिरला. पाण्याच्या पिंपाजवळ एक सपाट दगड होता, तिथे गेला. तिथून परत वळला, कोपीच्या दाराशी आला, गिरजासमोर बसला आणि पाय उचलला.

मग मागून कोणी तरी ओरडलं, "बोलना! कुत्रा बोलना!"

मी वळून बघेपर्यंत मुकादमाने गिरजाचं मनगट धरलं होतं. बायका मागे सरकल्या. मग हळूहळू जे ऐकू यायला लागलं त्यावरून मला सगळं कळलं. गिरजा पाटाची बायको होती. पहिला नवरा वारल्यावर तिने टोळीतल्या भिला नावाच्या माणसाशी पाट लावला होता, आणि मंगी पहिल्याची. भिलाला ती पोर नको होती, हे टोळीत सगळ्यांना ठाऊक. आता कुत्र्याने कौल दिला होता.

"काय करं तिनं? इकी का?" मुकादम तिला हलवत होता. "बोल! विहिरीमा टाकी का?"

भिला बाजूलाच उभा होता. कोयता हातात, मान खाली. बायकोचं मनगट परक्याच्या मुठीत होतं आणि तो पाचटातली एक काडी पायाच्या अंगठ्याने इकडून तिकडे करत होता.

बाई मोटारीतून ओरडल्या, "अरे मूआ, सोड तिला! कुत्रा बोलत नाय, कुत्रा फक्त सुंघते!"

मुकादम अदबीने म्हणाला, "बाईसाहेब, मुकं जनावर खोटं कशाला करील?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फराक माझ्या हातात होती. मी ती नाकाला लावली. साबण. नुसता साबण.

"गिरजा, फराक धोयी का तू?"

तिने मान हलवली.

"कधी?"

"आत्ते, सकायले. भाऊ सांगी गया ना, बंगलावाली बाई येई राहिनी, पोरना कपडा तयार ठेव म्हणीसन." ती आता रडायला लागली होती. "इतली मयकी फराक तिना हातमा कशी देऊ व माय?"

मुकादमाच्या बायकोकडून साबणाची वडी मागून तिने ती फराक धुतली होती. थंडीत वाळेना म्हणून चुलीवर धरून वाळवली, आणि तांब्यात निखारे घालून वरून फिरवली. पोर हरवलेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि ही परक्या बाईंसाठी फराकीला इस्त्री करत होती. बाहेरच्यांना हे वेडेपण वाटेल. आमच्यात वाटत नाही. शिंप्याला मापासाठी जुनी चोळी द्यायची तर धुऊन देतात. तापलेलं पोर दवाखान्यात न्यायचं तर आधी त्याचे पाय घासतात. मी त्यातलीच. माझ्या आईनेही हेच केलं असतं, मीही केलं असतं. मंगीचा सगळा वास त्या दगडावर वाहून गेला होता, आणि उरला होता तो फक्त धुणाऱ्या हातांचा.

हे मी ओरडून सांगितलं. कोणी ऐकेना. पाण्याने कधी वास जातो का, म्हणे. मुकादमाला एक उत्तर मिळालं होतं आणि त्याला माणसं लवकर फडात घालायची होती.

बाई म्हणाल्या, "सुंदरी, दुसरी चीज. न धुतलेली."

पण दुसरी चीज कुठून आणायची? मंगीच्या अंगावर एक फराक, धुतलेली दुसरी. गोधडी एकच, तिच्यात तिघं झोपायची. चपला नाहीत. गरिबाच्या घरात एकट्या पोराचा असा वासही नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांचा मिळून एक.

बैलगाडीच्या चाकापाशी पोरं बसून ऊस खायची. तिथे चिपाडांचे ढीग पडलेले. चघळून थुंकलेला उसाचा चोथा, त्याला मुंग्या लागलेल्या. मी गिरजाला विचारलं, "मंगी काल कोठे बसे?"

तिने धरलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने दाखवलं. तिथे तीन-चार पोरांची चिपाडं एकत्र होती. मुकादम मनगट सोडेना, म्हणून तो तिच्याबरोबर ओढला गेला. ती उकिडवी बसली आणि एका हाताने चिपाडं चाळू लागली. हे नाही, हे नाही. मग तिने मूठभर उचलून माझ्याकडे धरलं. बाकीच्यांची लांब लांब सोललेली, ही आखूड, कुरतडल्यासारखी.

"तिना पुढला दात पडेल शेत," ती म्हणाली. "दाढखाल चावस ती."

मी मुंग्या झटकल्या आणि ती मूठ पपेटाच्या नाकाखाली धरली. शोध म्हणाले, पण या वेळी रुबाब नव्हता.

पपेटाने खूप वेळ हुंगलं. मग गाडीच्या चाकाभोवती एक फेरी मारली, नाक जमिनीला टेकवलं आणि दोरी माझ्या तळहातातून सरसरून गेली. दोरीने एकदा ओढ धरली की कुत्र्याच्या मनात शंका उरलेली नाही हे कळतं. मी मागे, माझ्यामागे टोळी. मी ओरडले, बाजूने चाला, मागावर पाय देऊ नका. तोडलेल्या फडातून आम्ही उभ्या उसात शिरलो. पानं तोंडावर, हातावर चरे ओढत होती. एका ठिकाणी पपेटा थांबला, थोडा वेळ माती हुंगत राहिला, आणि पुन्हा निघाला. माझ्या मनात एकच चाललेलं, कुठे तरी पोच रे बाबा. कुठेही पोच. या बाईचं मनगट सुटू दे. कुठेही पोच म्हणताना आपण काय मागतोय, याचा विचार करण्याइतकी अक्कल मला नव्हती.

ऊस संपला आणि समोर नहेर आली. शेतीला पाणी देणारा पक्का कालवा, काठोकाठ भरलेला. काठाच्या गवतात डालड्याचा रिकामा डबा कलंडलेला होता, त्याला सुतळीची कडी. पपेटा डब्यापाशी गेला. पाण्याकडे बघितलं. मग डब्यासमोर बसला, आणि पाय उचलला.

गिरजाने डबा ओळखला. मंगी घरचं पाणी भरायला गेली होती. कोणी सांगितलं नव्हतं. आईची दुपारची खेप वाचावी म्हणून.

बांबू घेऊन माणसं काठाने खाली धावली. पुढे नहेरेला पाणी अडवायचा लोखंडी दरवाजा होता. मंगी तिथे अडकलेली सापडली.

आता मी जे सांगणार आहे ते कोणी कुत्रं शिकवणारा असेल त्यालाच कळेल. कुत्र्याने माग बरोबर काढला की त्याला तिथल्या तिथे बक्षीस द्यावं लागतं. मटणाचा तुकडा, पाठीवर थाप, आनंदाचा आवाज. शेवटी काय सापडलं याच्याशी कुत्र्याचा संबंध नसतो. त्याने आपलं काम केलेलं असतं. तेव्हा जर आपण रडलो, गप्प झालो, तर त्याला वाटतं आपलं चुकलं, आणि पुढच्या वेळी ते मागच सोडतं. बाई काठी टेकत, उसाने ओरबाडून घेत तिथवर आल्या होत्या. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "सुंदरी, शाबाशी दे. हसून दे."

मी गुडघ्यावर बसले. "शाब्बास रे माझ्या राजा, शाब्बास!" म्हटलं. खेळवलं त्याला. तो शेपटी हलवत मटण खात होता, आणि तिकडे माणसं मंगीला उचलून आणत होती. गिरजा माझ्याकडे बघत होती. आयुष्यात खूप काही बरंवाईट केलं, पण त्या हसण्याइतकं जड मला काहीच गेलं नाही.

मग फौजदार आले, पंचनामा झाला. पोर पाणी भरताना पाय घसरून पडली, असं ठरलं. गिरजा सुटली. तिला निर्दोष ठरवायला तिच्याच पोरीचं प्रेत लागलं. मुकादमाने दुसऱ्या दिवशी बंगल्यावर माणूस पाठवला, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन. पपेटासाठी! त्याच्या गळ्यात हार घालून तो माणूस चक्क पाया पडला. बाईंनी नारळ त्याच्या अंगावर फेकला. "त्या बाईच्या पगे पड ने, मूआ!" पण गिरजाच्या पाया कोणी पडलं नाही. मनगट धरलं ते चुकलं, असंही कोणी म्हटलं नाही. तिचा भाऊ सांगत होता, भिला त्या दिवशी संध्याकाळी एवढंच बोलला, "चाल, भाकरी टाक."

पडाव दुसऱ्या गावी हलायच्या आदल्या दिवशी तो भाऊ पुन्हा आमच्या दारात आला. खालमानेने म्हणाला, "वहिनी, बहीण म्हणस, मंगी कोणती वाटवर गयी ती कुत्रा आखो एकदाव दखाडी का?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "दीकरी, आता माग कुठे? इतके दिवस झाले. पपेटाला काय नाय मिळणार."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तिला नका सांगू."

बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मोटारीची किल्ली घेतली.

तो फड तोडून झाला होता, मागची पाचट पेटवून दिलेली. जिथून मी चरे खात गेले होते तिथे काळी राख पसरलेली, मधूनच जळके बुडखे. गिरजा तयार उभी होती. मी पपेटाला पट्टा चढवला, शोध म्हटलं, आणि मीच आठवणीने निघाले. तो बिचारा माझ्याबरोबर चालत राहिला. नाक वर, कान हलवत, पाखरांकडे बघत. गिरजा दोरीच्या एका बाजूने येत होती. टोळीला मी त्या दिवशी ओरडून सांगितलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. वाटेवर पाय पडू नये म्हणून ती राखेतून हातभर अंतर राखून चालत होती.

कुत्र्याने जे दाखवलं नाही ते आपण सांगायचं नसतं. मला ते चांगलं ठाऊक होतं. तरी एका जागी मी थांबले.

"आठे ती थांबनी व्हती," मी म्हटलं. हे खरं होतं. त्या दिवशी पपेटा तिथे थांबला होता.

"काय करे आठे?"

आता काय सांगायचं? वास एवढंच सांगतो की माणूस इथे होतं.

"बसनी व्हती. ऊस खाये."

गिरजाने राखेकडे बघून मान हलवली. आम्ही पुढे निघालो. थोडं गेल्यावर मी पुन्हा थांबले. "आठे बी. आठे तिनी पाखरू दखं. बराच टाइम." मग आणखी पुढे, "आठे गाणं म्हणे ती, मोठ्याघाई."

गिरजा थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पपेटाकडे. तो तोंड वर करून एका घारीकडे बघत होता.

"तू खोटं बोली राहिनी, बाई," ती म्हणाली.

मी दोरी गुंडाळायला लागले.

तिने पदराने तोंड पुसलं. "थांबू नको," ती म्हणाली. "बोल."

मग मी बोलत राहिले. नहेर येईपर्यंत मंगीला मी कितीतरी ठिकाणी थांबवलं.